नानांच्या कानातला आवाज

३ नोव्हेंबर, सोमवार
दिवाळी झाली तरी वडील, आमचे नाना, पाचोऱ्याला परत गेले नाहीत. कान दाखवायचाय म्हणाले. मळ असेल, दुसरं काय. आज इ. ७वीला आवाजाचे इंग्रजी शब्द. पानांचं रसल, दाराचं क्रीक, मधमाश्यांचं बझ. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. एकाने क्रीक म्हणून दार असं करकरवलं की शिपाई धावत आला. बरं शिकवते मी, असं मनात येऊन गेलं. घरी आले तर नाना टीव्ही मोठ्याने लावून त्याच्याकडे पाठ करून बसलेले.

६ नोव्हेंबर, गुरुवार
कानाच्या डॉ.कडे. पोरगेलेसे, गोड बोलणारे. ‘रिंगिंग आहे, बझिंग, हिसिंग की रोअरिंग?’ नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी घंटा, भुणभुण, फुसफुस, घोंघों असं एकेक विचारत गेले. प्रत्येकाला नकार. “तसं नही व्हय ते.” मग कसं? “तसं नही.” डॉ. म्हणाले, आजोबा, तोंडाने काढून दाखवा ना. नाना ताठ बसून राहिले. शेवटी मीच हिसिंग म्हणून टाकलं. रिक्षात म्हणाले, “त्या पोरगाना पुढे तोंडना आवाज काढू? मी काय लेकरू शे का?”

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
तपासणी झाली. उभी हयात कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांत गेली, त्याने कान गेलेत. आवाज बाहेर कुठेच नाही, आतच. औषध नाही. ‘सवय होईल.’ नानांनी मला एवढंच विचारलं, “बंद कवय व्हई?” मी म्हटलं, होईल हळूहळू.

१५ नोव्हेंबर, शनिवार
डिक्शनरी घेऊन बसले. हम, ड्रोन, व्हर, सिझल. अर्थ सांगायचा, आवाज करून दाखवायचा. नाना मन लावून ऐकत होते, पण विसाव्या शब्दापर्यंत बिचारे माझ्यासाठीच थांबलेले. हे म्हणाले, “शब्द सापडला तर आवाज थांबणार आहे का?” भांडले. खरं म्हणजे त्यांचंच बरोबर, म्हणूनच भांडले.

२२ नोव्हेंबर, शनिवार
कोपऱ्यावरचे गिरणीवाले भाऊ: “ताई, घरी काही झालंय का? नाना रोज दुपारी येऊन बसतात. दळण काही आणत नाहीत.” मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी शाळा, ह्यांचं ऑफिस, कोणाला पत्ताच नाही. गेले तर नाना पिठाने पांढरे, बाकावर डोळे मिटून निवांत. “अठे बरं वाटस माय. हाई घरघर चालू ऱ्हायनी का ते दबी जास.” थंडी पडलीय तरी रात्री कूलर का लावतात तेही आज कळलं. मी वीजबिलावरून बोलले होते.

३० नोव्हेंबर, रविवार
आज आपणहून म्हणाले, दार लाव. भिंतीकडे तोंड केलं आणि आवाज काढला. बारीक, दातांतून, मधेच वर चढणारा. श्वास संपला, ठसका लागला. पुन्हा काढला तर वेगळाच. “हाई बी नही.” मोबाइलवर रेकॉर्ड करून डॉ.ना पाठवावं असं ठरवलं होतं. बटण दाबवलं नाही. वडिलांना असं कधी पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

९ डिसेंबर, मंगळवार
हे फोनवर कोणालातरी सांगत होते, ‘सासऱ्यांना भास होतात.’ नानांना बाकी काही ऐकू येत नाही, पण नेमकं हे आलं. दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी मला: “तुले ऐकू येत नही, जावाईले येत नही. मंग मीच खोटं बोली ऱ्हायनू का?” नाही हो नाना, डॉक्टरसुद्धा म्हणाले ना. “त्यासले तरी कोठे ऐकू उना?” इतकी वर्षं मी समजत होते, शब्द असला की माणसाला सगळं सांगता येतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार
दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद. गिरणीही बंद, म्हणून नाना घरीच. शाळेतून आले तर कॉटवर दोन्ही कान दाबून बसलेले. मला पाहताच हात काढले, शेजारी बसवलं. “आते गिरणी, कूलर, बठ्ठं बंद शे. आते तरी तुले ऐकू येस का?”

मी कान त्यांच्या कानाला लावला. त्यांचा श्वास ऐकू आला. दुसरं काहीही नाही. उठायचा धीरच होईना.

म्हटलं, “हो नाना. येतोय.”

आई गेल्यापासून त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. माझा हात घट्ट धरला. “येस ना? मी कवयना सांगी ऱ्हायनू! कसा शे, सांग बरं.”

आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले.