महागावहून आलेल्या दोन फायली

शनिवार, २३ ऑक्टोबर २०१०

प्रिय राजू,

सप्रेम जय भीम. अक्षर वेडंवाकडं दिसेल, हसू नकोस. टेबलाशी बसून लिहीत नाहीये. कुठे बसलेय ते शेवटी सांगते. सकाळी फोनवर बोललो आपण, पण तू नेहमीसारखं दोन मिनिटांत मला हसवलंस, बरा हाव वं ताई, भाजी करून राह्यलो, म्हणालास आणि ठेवून दिलास. तुझ्याशी फोनवर धड भांडता येत नाही आणि धड बोलताही येत नाही. पत्र वाचताना तुला मला मधेच तोडता येणार नाही, म्हणून हा उद्योग. आईला यातलं काही माहीत नाही. ती दारव्ह्याला तुझ्यासाठी लोणच्याची बरणी बांधून बसली आहे आणि रोज विचारते, राजू कधी येते म्हणाला.

मागच्या वर्षी याच दिवसांत विमलताईंनी आपल्या दोघांनाही त्यांच्या यवतमाळच्या संस्थेत घेतलं, आठवतं? कापसाने जिल्ह्याचं हसणंच नेलं होतं तेव्हा. आर्णी, दारव्हा, महागाव असे तीन तालुके तू आणि बाकीचे दोघे कार्यकर्ते अशा तुम्ही तिघांनी वाटून घेतलेत, महागाव तुझ्याकडे आलं. घरोघर जायचं, बसायचं, ऐकायचं आणि आता जगावंसं वाटत नाही असं ज्याच्या बोलण्यात येईल त्याचं नाव संध्याकाळी यवतमाळला कळवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी विमलताई नाहीतर डॉक्टर त्या घरी पोचतील. सुरुवातीला त्या याद्या सीडीत भरून एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवायचात तुम्ही. बाप्पा! एकदा ती सीडी गाणी समजून स्टँडवरच्या चहावाल्याने लावून पाहिली. अशा यादीतलं नाव गावात फुटलं की त्या घरची सोयरीक मोडते, आणि माणूस पुन्हा कुणापाशी तोंड उघडत नाही. म्हणून विमलताई मला म्हणाल्या, मोनाली, याद्या थेट ऑफिसात येतील आणि मधे कुणाला दिसणार नाहीत असं काहीतरी कर बाई.

मी ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं आणि फायली कुलूपबंद येतील असा सर्व्हर उभारायला बसले. फाईल घेऊन आलेल्याने सर्व्हरवरच्या आपल्या खोलीपुरतं, म्हणजे आपल्या फोल्डरपुरतं यावं, खोलीबाहेर त्याला काही दिसू नये, एवढंच करायचं होतं. पण दोन दिवस नुसतं जोडलं की तुटायचं, आणि का ते सांगायचं नाही. माझं डोकं फिरलं होतं. शेवटी सर्व्हरच्या नोंदी वाचता वाचता सापडलं. खोली राहणाऱ्याच्याच नावावर केली होती मी, आणि तसं असलं की ते दार उघडतच नाही. खोली मालकाच्या नावावर हवी, राहणाऱ्याला आतलं एक कपाट तेवढं द्यायचं. तसं केलं आणि झटक्यात चाललं. मालक म्हणजे मी. तेव्हा तू जरा गंभीर होऊन विचारलंस, मंग तुले सारं दिसते का वं ताई? मी म्हणाले, दिसतं, पण मी पाहत नाही. तुला ते इतकं आवडलं की तू गावोगाव बायकांना तेच सांगत सुटलास, की आमच्या ताईले दिसते, पण थे पायत नाही. त्या भरवशावर बोलल्या त्या तुझ्याजवळ.

मग माझ्या हातून चूक झाली. तीन तालुक्यांना तीन खोल्या, तीन किल्ल्या करणार होते मी. तूच म्हणालास, कायले तीन तीन, दारव्ह्याच्या जीपमंदी सारे मावतेच ना, एकच ठेव. मीही आळस केला आणि एकाच खोलीची किल्ली, म्हणजे एकच पासवर्ड, तिघांच्या हाती दिला. आणि तुम्ही तिघेही असे शहाणे, की फायलीला नाव काय, तर रोज उठून ‘आजची यादी’! आर्णीची ‘आजची यादी’ येऊन बसली की दारव्ह्याची पुसली जायची. आपण भावंडं एकाच ताटात जेवलेलो, पण यंत्राला ते काय कळणार. जानेवारीत अशाच एका संध्याकाळी दारव्ह्याच्या यादीतलं बिजलीबाईचं नाव पुसलं गेलं. समोर ‘उद्या सकाळी’ लिहिलेलं होतं, आणि विमलताई चौथ्या दिवशी पोचल्या. तांड्यावर ती अंगणात तुरी पाखडत बसली होती. विमलताईंकडे बघून एवढंच म्हणाली, लय दिवस लावले बाई तुम्ही. ती आहे, धडधाकट आहे, परवाच ऑफिसात येऊन गेली. पण ते चार दिवस मला अजून गिळता येत नाहीत, राजू.

त्यानंतर मी तीन खोल्या केल्या, तीन किल्ल्या केल्या. पासवर्ड तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवता, म्हणून तेही बंद केले आणि प्रत्येकाला पेन ड्राईव्हमधली किल्ली दिली. आणखीही एक केलं. दर पाच मिनिटांनी यंत्र कपाटात बघतं, आणि नवी किंवा बदललेली फाईल दिसली तर तिची एक प्रत, वेळ घालून, आपोआप माझ्याकडे आत जाते. ती कशानेच पुसली जात नाही. तुमची फाईल कपाटात जशीच्या तशी दिसत राहते, कारण ती दिसली नाही की तुम्ही पोचली का, पोचली का करत पाच पाच फोन करता. प्रतीचं मी तुम्हाला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे रे, तुम्हाला समजावत कोण बसेल म्हणून. सांगायला हवं होतं. दुसऱ्यांचं मन सांभाळायचं काम करतो आपण, आणि माझ्याच माणसांना मी विचारलं नाही.

तुझ्याबद्दल मला भाद्रपदापासून धास्ती होती. तुझ्या यादीतल्या शंकरसिंगकडे तू तीनदा जाऊन आलास, तिन्ही वेळा त्याचं नाव पाठवलंस, डॉक्टरही जाऊन आले, आणि तरी तो राहिला नाही. त्या दिवशी मी तुला फोन केला तर तू म्हणालास, आपलं काम ऐकायचं, ऐकलं, आता पुढचं घर. मला वाटलं, किती खंबीर झालाय हा. मूर्ख मी! त्यानंतर तू दारव्ह्याला आला नाहीस. आईचा फोन दोन वाक्यांत संपवायला लागलास. नऊ-नऊ घरं करतोस दिवसाला, लोकांचं सगळं पोटात घेतोस, आणि तुझं कुणी ऐकतं का हे मी, तुझी सख्खी बहीण, एकदाही विचारलं नाही.

बिजलीबाईपासून मी रोज सकाळी मोजते. प्रत्येक तालुक्याची एक, म्हणजे तीन प्रती. आज चार निघाल्या. महागावच्या दोन, दोन्ही कालच्या. एक सव्वापाचची, दुसरी पाच वाजून चाळीस मिनिटांची. म्हटलं, पुन्हा काहीतरी पुसलं जातंय. फायली उघडायच्या नाहीत हा माझाच नियम, म्हणून मी उघडल्या नाहीत. दोन्हींत फरक कुठे आहे तेवढंच दाखव, असं यंत्राला सांगितलं. एक ओळ आली. पहिल्या फायलीत होती, दुसरीत नव्हती. इंग्रजी अक्षरांत टाईप केलेलं आपलं मराठी, तुझ्या त्याच चुका. नाव, राजदीप देवराव. गाव, महागाव. कोणी सांगितलं, स्वतः. आणि भेट कधी या रकान्यात, जिथे बाकी सगळ्यांपुढे तू न चुकता ‘उद्या सकाळी’ लिहितोस, तिथे लिहिलं होतंस, ‘जमेल तेव्हा’.

 मग तुला फोन केला, तुझा आवाज ऐकला, तू मला हसवलंस आणि मी हसलेसुद्धा. तू ती ओळ काढून फाईल पुन्हा पाठवलीस, म्हणजे मला कळू नये असंच तुला वाटलं असणार. रागावायचं तर रागाव. नंतर विमलताईंकडे गेले आणि सांगितलं, माझ्याकडून नियम मोडला गेला, एक नाव मी वाचलं. कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव. त्या एवढंच म्हणाल्या, मग ऑफिसात काय करून राह्यलीस, जा.

म्हणून आले. यवतमाळच्या स्टँडवर लिहायला घेतलं, आर्णीला गाडी थांबली तेव्हा मधलं लिहिलं, आणि हा शेवट तुझ्या ओट्यावर बसून लिहितेय. दार लावलेलं आहे. आत तुझा रेडिओ चालू आहे, आत्ताच खोकलास तू. समोरासमोर मला हे बोलता आलं नसतं, तू पुन्हा हसवलं असतंस, म्हणून पत्र दाराखालून सरकवते. तुला काही समजावायला आलेले नाहीये, राजू. माझ्याकडे तुझ्यासारखं ऐकायचं शिक्षणही नाही. तुझ्या त्या ओळीतला शेवटचा, ‘भेट कधी’चा रकाना तेवढा मी माझ्याकडच्या प्रतीत बदलून आले, ‘आजच’. वाचून झालं की कडी काढ. काही बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, भाजी असेल ती दोघं खाऊ. तू उघडेपर्यंत मी इथून उठत नाही.

दाराबाहेर बसलेली,
तुझीच
मोनाताई