साडीच्या पट्ट्या

नाशिक, १८ फेब्रुवारी २००३

छायावहिनींस नमस्कार,

आज समाधानदादाचं वर्षश्राद्ध झालं. तुम्ही आग्रहाने मला दुसरी पुरी वाढलीत. मी खाली मान घालून जेवलो.

मेघालयातल्या त्या चुनखडीच्या गुहेत आम्ही दोघं प्रत्येक फाट्यावर लाल पट्टी बांधत आत गेलो. पट्ट्या तुमच्याच जुन्या साडीच्या होत्या. निघताना तुम्ही म्हणालात, "भावोजी, दोघंही माझा पदर धरून परत या."

परतताना जो शेवटी असेल त्याने पट्ट्या सोडून आणायच्या, असा आमचा नेम होता. परत फिरताना दादा जवळपास दिसला नाही, तेव्हा तो पुढे गेला असं मी धरून चाललो. मागे वळून एक हाकही मारली नाही. सगळ्या पट्ट्या घेऊन बाहेर आलो, तर दादा बाहेर नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याचा देह एका फाट्यापाशी बसलेला सापडला.

दादा वाट चुकला, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुम्ही आजही हसून म्हणालात, "ह्यांना दिशेचं भानच नव्हतं. पंचवटीतसुद्धा चुकायचे."

वहिनी, दादा चुकला नाही. त्याची वाट मी खिशात घालून आणली.

हे पत्र तुमच्याकडे येणार नाही. पट्ट्या वर्षभर कपाटात होत्या. आत्ता त्या साबणाने धुतल्या आणि गॅलरीतल्या दोरीवर एकेक करून वाळत घातल्या.

तुमचा धाकटा दीर,
विलास