गोळ्याचा रंग आणि आईचं कपाट

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने इकडे सगळं कुशल आहे, म्हणजे ज्याला अजून रंग लागलेला नाही तेवढं तरी आहे. तुझ्या गुडघ्याला आता उतार असेल. (नसला तरी कळवू नकोस, औषध सुचवायला हे टपलेलेच असतात.)

तुझ्या विद्वत्तेचे आभार मानायला हे पत्र. प्रार्थनाघराच्या छतावरचा तो पुरुषभर उंच सिमेंटचा गोळा यंदा आमच्याकडून रंगवायचा, असं यांनी भर सभेत सांगून टाकलं. रंग किती लागेल हे रंगाऱ्याला विचारलं असतं तर कमीपणा आला असता, म्हणून तुला फोन. तू सूत्र दिलंस : चार गुणिले पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग. आता त्रिज्या मोजायला गोळ्याच्या पोटात कोण शिरणार? यांनी दोन्ही बाजूंना फळ्या उभ्या करून मधलं अंतर मोजलं, सहा फूट, आणि तेच त्रिज्या म्हणून घातलं. मी म्हटलं, "अहो, हा तर व्यास झाला." तर म्हणतात, "गोळा एकच, मग आकडे दोन कशाला?" आठ डबे आले. सोनेरी पिवळे.

मीही मॅट्रिक आहे म्हटलं. व्यास त्रिज्येच्या दुप्पट, म्हणजे रंगही दुप्पट आला, असा सरळ हिशेब करून मी चार डबे परत करवले आणि स्वतःच्या काटकसरीवर खूश होऊन मिरवत बसले. त्रिज्येच्या डोक्यावर वर्ग बसलाय हे ध्यानातच आलं नाही. (तुझ्याही नाही. फोनवर "ताई, बरोब्बर!" कोण म्हणालं होतं?) गोळा दोन डब्यांत रंगून मोकळा झाला. छटा एकसारखी यावी म्हणून रंगाऱ्याने चारही डबे आधीच फोडून एका बादलीत ओतले होते, तेव्हा दुकानदार आता ओळखही दाखवत नाही.

देवाने दिलेलं वाया घालवू नये, हे मी घरात बोलायला नको होतं. यांनी माझं बोलणं मनावर घेतलं. (लग्नानंतर पहिल्यांदाच.) स्टूल झालं, शिडी झाली, न्हाणीघराचं दार झालं. शेजारीण विचारते, "घरात कावीळ आहे का हो?" आणि काल हे आईच्या कपाटासमोर टेप घेऊन उभे! आईची माझ्याकडे तेवढीच एक वस्तू, तिचा हात फिरून फिरून गुळगुळीत झालेलं काळंभोर लाकूड. "कपाट गोल नाही, सूत्र लागू पडायचं नाही," असं म्हणून वेळ मारून नेली. पण कधीतरी यांना लांबी गुणिले रुंदी आठवेलच.

तुझी,
ताई

ता. क. : कपाटच तुझ्याकडे हलवणार होते, पण टेम्पोचं भाडं ऐकलं. त्यापेक्षा यांनाच पाठवते आहे, बादलीसकट. तुझ्या गच्चीवरची टाकी गोल आहे, हे यांच्या कानावर घातलंय. रंग संपेपर्यंत ठेवून घे.

आणखी एक : बादली थोडी कमी भरली तर यांना बोल लावू नकोस. कडेचा रंग सुकायला लागला होता, वाया जाताना बघवेना, म्हणून कपाट आतून मीच रंगवून घेतलं. आत कोण बघतंय?