पापडांचा धिक्कार

७ जानेवारी १९५२

डॉक्टर जाताना दारात हळूच म्हणाले, "तीन आठवडे. फार तर चार." आतून नानांचा आवाज आला, "मास्तरीणबाई, मला ऐकू येतं बरं का." बाप आहे माझा, पण लेकीला हाक मारणार मास्तरीणबाई! हृदय थकलं, पायांवर सूज आली, कान मात्र शाबूत. कल्याण स्टेशनात तीस वर्षं तिकिटं विकली, जाळीपलीकडचं पुटपुटणं ऐकायची सवय.

मला वाटायचं, नाना हसत जातील. आमच्या चर्चच्या मंडळीत कोणीही वारलं की घरच्यांना हेच सांगायचे — "रडू नका, तो प्रभूजवळ आहे." आज जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

९ जानेवारी

अजून भिंतच.

१२ जानेवारी

शाळेतून आले तर म्हणाले, "माझं काही खरं नाही गं." मी म्हटलं, डॉक्टरही चुकतात. "डॉक्टरचं कोण बोलतंय? मी वरचं म्हणतोय."

स्तोत्र वाचू का विचारलं. नको म्हणाले. नानांनी स्तोत्र नको म्हणावं — हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

१३ जानेवारी, रविवार

उपासनेनंतर आमचे पाळक उत्तमराव घरी आले. नाना त्यांना म्हणाले, "मला पुन्हा बाप्तिस्मा द्या."

"एकदा झालेला पुन्हा देत नाहीत, नाना."

"झालाच नाही, म्हणून तर मागतोय."

मला चहा करायला पिटाळलं. मी दाराआड उभी राहिले. कान बापाचेच.

ऐकलं ते असं. नाना तेव्हा एकवीस वर्षांचे. बाप्तिस्मा देणारा गोरा साहेब नुकता आलेला, मराठी कच्चं. 'तू पापांचा धिक्कार करतोस काय?' असं विचारायचं, तर त्याने भर चर्चमध्ये विचारलं, 'तू पापडांचा धिक्कार करतोस काय?' नानांना हसू फुटलं. दाबलं तर डोळ्यांतून पाणी. 'करतो' म्हणाले ते हसू दाबतच, डोक्यावर पाणी पडलं तेव्हाही खांदे हलत होते. लोकांना वाटलं, पोरगा पश्चात्तापाने रडतोय. मिशनच्या मासिकात तसं छापूनही आलं! मग नाना गप्प बसले ते एक्कावन्न वर्षं.

"पापांचा धिक्कार मी केलाच नाही हो," नाना म्हणाले. "पापडांचा केला. तेवढा मात्र पाळला."

तेव्हा उलगडा झाला. आमच्या घरात कधी पापड भाजला नाही. खोकला होतो म्हणायचे. आई बिचारी शेजारी जाऊन खायची.

उत्तमराव हसले नाहीत. हसले असते तर मी त्यांना चहा दिला नसता. म्हणाले, "साहेबाची जीभ घसरली, तुम्हाला हसू आलं. तारण जिभेवर असतं तर मुक्यांनी काय करायचं? ज्याने तारलं, तो काही चुकला नाही."

"तुम्ही पाळक. तुम्हाला असंच म्हणावं लागतं," नाना म्हणाले.

उत्तमरावांचं मला पटायला हवं होतं. फार हवं होतं. पण नानांनाच पटत नसेल तर माझं काय!

१९ जानेवारी

खडवलीहून विमलाआत्या आली. नानांची धाकटी बहीण. वर्षातून एकदा येते, आपल्या पाण्याचा तांब्या आपण आणते. आमच्याकडे घोटभर पाणी घेत नाही, पण आल्याशिवाय राहत नाही.

नानांनी तिला सगळं सांगितलं. आत्या आधी तोंडाला पदर लावून हसली. मग एकदम तडकली.

"म्हणजे तू हसण्यावारी ख्रिस्ती झालास? अरे हरी, आईने दार लावून घेतलं. तीन दिवस तू ओट्यावर बसलेलास. अण्णा म्हणाले, चुकलो एवढं म्हण आणि घरात ये. तू काय म्हणालास?"

"काय म्हणालो?"

"विसरलास? मी खिडकीत होते. म्हणालास, 'अण्णा, येतो, पण त्याला बाहेर ठेवून कसा येऊ?' तेव्हा नव्हतास हसत. पन्नास वर्षं मी तुझ्यावर रुसलेय, ती काय पापडासाठी? तुझा देव मला नको. पण तू खोटा आहेस असं मी कोणाला म्हणू देणार नाही. तुलासुद्धा नाही."

नाना रडले. डोळे पुसून म्हणाले, "मी पार विसरलो होतो. त्याने मात्र मला सोडलं नाही."

उत्तमरावांना निरोप धाडला — बाप्तिस्मा नको.

२० जानेवारी, रविवार

नानांनी पापड मागितला! शेजारच्या मंदाकिनीबाईंकडून दोन आणले, निखाऱ्यावर भाजले. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय म्हटलं, तर म्हणाले, "डॉक्टरांच्या तीन आठवड्यांतले दोन संपत आले, आता कसलं पथ्य?" अख्खा खाल्ला. दुसरा मी खाल्ला. किती दिवसांनी घरात बरं वाटलं.

२४ जानेवारी

नाना शांत आहेत. भिंतीकडे पाठ, तोंड माझ्याकडे. मी विचारलं, आता खात्री कशी वाटते? खरं सांगा.

"इतकी वर्षं तिकिटं विकली. गाडी ओढायला मी किती जोर लावू, असं एकानेही विचारलं नाही. मीच वेडा, विचारत बसलो."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "फार बारीक चौकशी करतेस गं."

२९ जानेवारी

सकाळी आठला नाना गेले. माझा हात धरला होता, तो सैल झाला, एवढंच. आत्या कबरस्तानात आली, सगळ्यांसारखी मूठभर माती टाकली. घरी आल्यावर हायसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

४ फेब्रुवारी

ठाण्याच्या इस्पितळाला कळवलं — ऑपरेशनला येते. छातीतली गाठ वाईट आहे हे डिसेंबरातच कळलं होतं. नानांना सांगितलं नाही, इथेही लिहिण्याचा धीर झाला नाही. डॉक्टर वाचण्याची खात्री देत नाहीत. शाळेत रजेचा अर्ज दिला. परत येण्याची तारीख कोरी ठेवली. गाडी ओढायला किती जोर लावू, हे विचारत बसले नाही.