नदीकाठच्या शाळेच्या वहीतलं नाव

७८६
पार्कचेस्टर, ब्रॉन्क्स
शनिवार, १७ ऑक्टोबर २००९, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे

ती. बुबूस मुकीतचा सलाम. वि. वि.

लाँड्रीत माझी पाळी चालू आहे आणि चार नंबरचं मशीन पिळायला लागलंय. ते थांबायला अकरा मिनिटं आहेत, तेवढ्यात हे लिहितो. फोनकार्ड सलाम-दुवा होईपर्यंतच संपतं, म्हणून पत्र.

ज्याच्यासाठी तू गावी गेलीस ते अम्माचं खुब्याचं हाड कसं आहे? इकडची काळजी करू नकोस असं लिहिणार होतो, पण थोडी करावी लागेल. तुझी झुनू आठवीत आहे आणि तिच्या हायस्कूलचा अर्ज माझ्या गळ्यात पडलाय. तुझे मियाँ, आमचे दुलाभाई, रात्रभर टॅक्सी चालवून येतात आणि दिवसभर झोपतात. शाळांचं सहाशे पानांचं पुस्तक त्यांनी दोन दिवस उशाला घेतलं आणि मग मला दिलं. वर म्हणाले की नववी नापास माणसाला एवढं वाचायला लागावं, ही अल्लाची थट्टाच आहे. मी नापास झालो नव्हतो, शाळा सोडली होती. हे त्यांना तू एकदा लेखी कळव.

इथे बारा शाळा पसंतीच्या क्रमानं लिहायच्या असतात. मग शाळा मुलांचे गुण बघतात, गैरहजेरी बघतात. झुनूला एकच शाळा हवी आहे, नदीकाठची. तिथली मुलं धक्क्यावरून बादलीनं पाणी काढतात आणि त्यात काय काय जगतंय ते मोजतात. झुनू ते बघून आली तेव्हापासून ताटातल्या डाळीतही काहीतरी शोधत बसते. जागा एकशे आठ, आणि गेल्या वर्षी अर्ज आले दोन हजार. त्यातही जे आधी येऊन शाळा बघून वहीत नाव लिहून जातात त्यांचा विचार पहिला. म्हणून आम्ही सात शाळा बघितल्या आणि सातही वह्यांत मी सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं. टाय लावून गेलो होतो. एका शाळेत दोन बायकांनी मला मास्तर समजून बाथरूम कुठे आहे ते विचारलं. झुनू म्हणते की मामा, पुढच्या वेळी टाय नको, नाहीतर तुला वर्गावर पाठवतील.

मशीन थांबलं. अम्माच्या शिव्यांसकट सगळ्यांचा लोभ असू दे.

तुझा
मुकीत


बियानीबाजार
३० ऑक्टोबर २००९

चि. मुकीत यास बुबूची दुवा. वि. वि.

अम्मा आता काठी घेऊन चुलीपर्यंत येते आणि मीठ जास्त पडलं असं सांगून परत जाते, म्हणजे बरी आहे. तुझं पत्र तिला दोनदा वाचून दाखवलं. तिचं म्हणणं असं की सात ठिकाणी मुलीला घेऊन जायचं, टाय लावायचा आणि मग महिनोन्‌महिने होकाराची वाट बघायची, हे शाळा बघणं नव्हे, हे स्थळ बघणं. निदान चहा तरी दिला का, असं विचारते आहे.

तुझ्या दुलाभाईंना कळवते की माझा भाऊ नापास नव्हता, फक्त आळशी होता.

एक विचारायचं राहिलं. वह्यांमध्ये नाव शाळेच्या कागदावर आहे तसंच लिहिलंस ना? झुनूच्या 'मोसाम्मत नाहिदा सुलताना'मधलं मोसाम्मत विमानतळावरच्या माणसानं पहिलं नाव करून टाकलं आणि पुढे शाळेनं मधलं नाहिदा गाळलं. ते दुरुस्त करायचं म्हणता म्हणता पाच वर्षं गेली. तुला माहीत असेलच. 

जेवत जा. तुझ्या पत्रात जेवणाचा उल्लेख नाही, तो मला दिसतो.

तुझी
बुबू


पार्कचेस्टर
शुक्रवार, १३ नोव्हेंबर २००९, दुपारी दोन

ती. बुबूस सलाम. वि. वि.

मला माहीत नव्हतं.

तुझं पत्र उभ्यानं वाचलं आणि मग बसलो. सातही वह्यांत मी 'नाहिदा सुलताना' लिहिलं आहे. मोसाम्मत म्हणजे नुसता मान, आपल्याकडे प्रत्येक बाईच्या नावापुढे असतो. तो परक्यांच्या वहीत कशाला, म्हणून विचार करून गाळला. चुकून नाही, विचार करून! झुनूच्या प्रगतिपुस्तकावर आजवर दुलाभाईच सही करत आले. लगेच ते उघडून बघितलं, तर 'मोसाम्मत सुलताना'. म्हणजे नदीकाठच्या शाळेच्या वहीत जी मुलगी आहे ती कुठल्याच शाळेत शिकत नाही, आणि जी शिकते ती शाळा बघायला आलेलीच नाही.

झुनू हसत सुटली. म्हणाली की वर्गात तिला सगळे मोसाम्मतच म्हणतात, घरी सांगितलं नाही कारण नानीला चक्कर येईल. वहीत लिहिताना तू कुठे होतीस, असं विचारलं तर म्हणे माशांच्या टाकीपाशी. दुलाभाईंनी थट्टा न करता चहा करून दिला. तेच जास्त लागलं.

बाकीच्या सहा शाळा वही बघत नाहीत. ही बघते, आणि शाळा दाखवण्याचे दिवस संपले. काल मी तिथल्या ऑफिसात गेलो. डेलगाडोबाई म्हणून आहेत, चष्म्यावरून बघतात. मी समजावत असतानाच त्यांनी यादी पुढे सरकवली. तीत 'एमडी' असं पहिलं नाव असलेली अकरा मुलं. आपल्या मोहम्मदांचं ते आखूड रूप. बाईंना म्हणे पहिल्या वर्षी वाटलं होतं की ब्रॉन्क्समधले डॉक्टर पुन्हा शाळेत येतायत. त्या म्हणाल्या की तिन्ही नावं एकत्र असलेला सरकारी कागद आण, मी दोन्ही मुली एकच आहेत असं नोंदवते. पण चार डिसेंबरच्या आत.

पासपोर्ट नवा करायला वकिलातीत अडकलाय. जन्मदाखला तुझ्या ट्रंकेत आहे. फोन केला होता, तो अम्मानं घेतला आणि माझं जेवण काय झालं हे विचारण्यात कार्ड संपलं. म्हणून हे तातडीच्या टपालानं.

मुलीनं एकच गोष्ट मागितली होती, बुबू.

मुकीत

ता. क. जेवलो. भात, डाळ, वांगं.


बियानीबाजार
२९ नोव्हेंबर २००९

चि. मुकीत यास दुवा.

पत्र परवा, बरोबर ईदच्या धांदलीत पोचलं. दाखला पाठवते आहे. पश्चिमपाड्याची शेफाली उद्या विमानानं निघते, तिच्याकडे दिला. तिच्या बॅगेत फक्त सुक्या मासळीच्या पुडक्यात जागा होती, तेव्हा वास आला तर नाक मुरडू नकोस. अम्मानं स्वतः दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलाय.

अम्माला सगळं सांगावं लागलं. चक्कर आली नाही. ती म्हणाली की मुकीतनं निदान शुद्ध तरी लिहिलं असेल. ऑफिसात रडू नकोस. टाय लाव.

तुझी
बुबू


पार्कचेस्टर
गुरुवार, ३ डिसेंबर २००९, सकाळी सात

ती. बुबूस सलाम. वि. वि.

शेफालीआपा परवा उतरल्या. काल दाखला घेऊन गेलो. अम्माच्या दोन पिशव्यांचा काही उपयोग झाला नाही. डेलगाडोबाईंनी कागद उघडला आणि ऐन थंडीत उठून खिडकीही उघडली. पण म्हणाल्या की इथली मुलं नदीतून याहून वाईट आणतात. मग वहीत माझ्या ओळीपुढे बारीक अक्षरात काहीतरी लिहून शिक्का मारला. मी ते तीनदा वाचून दाखवायला लावलं. चौथ्यांदा त्यांनी मला दार दाखवलं, प्रेमानं.

टॅक्सीवाल्या मंडळींनी दुलाभाईंच्या डोक्यात भरवलं होतं की जिथे नक्की मिळेल ती शाळा वर लिहावी, नदीची खाली. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की मनातला क्रम तोच कागदावरचा क्रम, इथे हुशारी करणारे फसतात. तेव्हा नदी पहिली. अर्ज आज देतो. पाचव्यांदा तपासणार होतो, पण झुनूनं तो दप्तरात लपवलाय.

आता मार्च अखेरपर्यंत काही करता येणार नाही. हे मला जमत नाही, तुला माहीत आहे.

मुकीत


पार्कचेस्टर
बुधवार, ३१ मार्च २०१०, दुपारी सव्वातीन

ती. बुबूस आणि ती. अम्मास सलाम. वि. वि.

मिळाली. नदीकाठची.

झुनू शाळेतून चालत आली, धावत नाही, म्हणून मला वाटलं, गेली शाळा हातची. लाँड्रीच्या दारात उभी राहिली आणि पाकीट माझ्या हातात दिलं. मी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचताच येईना. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक मिसेस हॅरिस चादरी घेऊन रांगेत होत्या, त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि माझ्याऐवजी त्याच रडल्या. दुलाभाईंना फोन केला तेव्हा ते पुलावर होते. त्यांनी मागच्या गिऱ्हाइकालाही सांगितलं. त्या गृहस्थाच्या मुलाला तीच शाळा मिळाली नव्हती. बाकीचा रस्ता फार शांततेत गेला म्हणे.

सोबत होकाराचा कागद आहे, तो भरून द्यायचा. मी टेबल पुसलं, पेन काढलं, दाखला समोर ठेवला. शेवटी एक रकाना आहे, मुलीला शाळेत कोणत्या नावानं हाक मारायची. मी म्हटलं की हीच वेळ आहे, आता नाहिदा लिहू, तुझं खरं नाव परत मिळेल. पाच वर्षांची चूक एका ओळीत संपेल.

झुनूनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. म्हणाली की मामा, हे मी लिहिते. आणि तिनं लिहिलं, मोसाम्मत.

मी पुष्कळ समजावलं. हा मान आहे, नाव नव्हे, हे म्हणजे कुणी स्वतःला 'श्रीमती' अशी हाक मारून घ्यावी तसं आहे. ती म्हणाली की त्या शाळेत नाहिदा चार असतील, मोसाम्मत ती एकटीच असेल, आणि मान मिळत असेल तर तिची हरकत नाही. कागद घडी करून पाकिटात घातला, जिभेनं चिकटवला आणि पेटीत टाकून आली. मला तपासू दिला नाही. 

अक्षर मात्र चांगलं होतं. वरून पाहिलं मी.

अम्माला मिळाल्याचं सांग. रकान्याचं तुझ्या जबाबदारीवर. आमच्यावरचा जीव असाच राहू दे, आणि लवकर ये, सप्टेंबरात तिला पहिल्या दिवशी सोडायला कुणीतरी टाय न लावणारं हवं आहे.

तुझाच
मुकीत