राज्यसभेतलं माझं बाळंतपण

वरणगाव,
९ जुलै २०२१

ती. भाऊस,
सारिकाचा नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत. यांची फॅक्टरी पुन्हा पूर्ण हजेरीवर सुरू झाली. आई संक्रांतीपासून माझ्याकडेच आहे. खोकला गेला, गुडघे होते तसेच. लसीचा दुसरा डोस झाला. तू पाठवलेली आंब्यांची पेटी पोचली, आंबे गोड निघाले. पेटीवर तुझा हात जोडलेला फोटो होता, तो आईने कात्रीने नीट कापून देवघरात ठेवला आहे.

फोन न करता लिहिते आहे. तुझा फोन आधी दुसरंच कोणीतरी उचलतं. आणि तू उचललास, की माझं बोलायचं राहून जातं. तुझा आवाज ऐकला की मी अजून शाळेतली सारी होते. आबा गेल्यावर तूच मला सायकलवर बसवून धुळ्याच्या शाळेत सोडायचास. स्वतःचं कॉलेज अर्धवट टाकून मला बी.एड.पर्यंत शिकवलंस. त्यातलं काही मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं, तर हे पत्र चार ओळींत संपलं असतं.

मार्चमध्ये तुझं भाषण टीव्हीवर लागलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. यांनी हाक मारली, "अगं ये, भाऊ बोलताहेत." आईला पुढे बसवलं. गर्भपाताच्या कायद्यातल्या दुरुस्तीवर चर्चा चालू होती. तू उभा राहिलास, कागद बाजूला ठेवलास आणि म्हणालास, "महोदय, ही कुणा परक्या बाईची गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या बहिणीची आहे. वीस आठवड्यांच्या अटीने तिचे हात बांधले. मी तिच्यासोबत कोर्टाची दारं ठोठावली, ती उघडली नाहीत. माझ्या भाचीने माझ्या या हातांवर प्राण सोडला." मग तू चष्मा काढून डोळे पुसलेस. बाकं वाजली.

यांनी टीव्ही बंद केला आणि बाहेर जाऊन झाडांना पाणी घालत बसले. पोळी तव्यावर जळाली.

संध्याकाळपर्यंत कॉलनीतल्या सगळ्यांच्या मोबाईलवर ते भाषण आलं होतं. शाळेतल्या बाई मला मिठी मारून रडल्या. "असा भाऊ मिळायला नशीब लागतं," म्हणाल्या. मी मान हलवली. काय करणार होते?

भाषण चांगलंच होतं, भाऊ. कायदाही हवाच होता. तू बाजूने मत दिलंस, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला फक्त विचारायचंय, कोणत्या कोर्टाची दारं?

अठरा साली सोनोग्राफीत कळलं, की बाळाची कवटी तयारच झालेली नाही. जन्मलं तरी जगणार नाही. वीस आठवडे तेव्हा नुकतेच उलटले होते. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "आमच्या हातात नाही, पण औरंगाबाद खंडपीठात जा. अशा केसमध्ये परवानगी मिळते." आम्ही दोघांनी ठरवलं, जायचं. वकील तूच दिलास, तुमच्या पक्षातले. मी त्यांच्यासमोर सह्या केल्या आणि तारखेची वाट बघत घरी बसले.

वाट बघितली, बघितली. बाळ हलायला लागलं होतं. शेवटी हे जळगावला जाऊन त्या वकिलांना भेटले. ते यांच्याकडे न बघताच म्हणाले, "अर्ज दाखल केलेला नाही. भाऊंनीच थांबवायला सांगितलं. तुम्हाला बोलले नाहीत का?"

तू बोलला नव्हतास. आम्ही मेहरूणला तुझ्या बंगल्यावर आलो तेव्हा बोललास. आठवतं? विधान परिषदेच्या तिकिटाची यादी वर गेली होती. म्हणालास, "सारे, पेपरात आलं तर माझं काय होईल? मुलगी होती म्हणून पाडली, असं विरोधक उठवतील. जळगाव जिल्ह्यात हे नाव एकदा लागलं की पुसत नाही." मी म्हणाले, "कोर्टात नाव छापत नाहीत." तू म्हणालास, "नाव छापावं लागत नाही. लोकांना कळतं." मग आवाज खाली आणून म्हणालास, "थोडे महिने काढ. नाहीतरी ते जाणारच आहे."

थोडे महिने.

तेवढ्यावरही भागलं नाही. नातेवाईक विचारायला लागले, सारिका बाहेर का दिसत नाही, काही लपवताय का. म्हणून तुझ्या बंगल्यात माझं डोहाळजेवण झालं. मी नको म्हणाले, आई म्हणाली भाऊच्या शब्दाबाहेर जाऊ नको. मला हिरवी साडी नेसवली, फुलांचं धनुष्य हातात दिलं. पोट झाकेल असं बसू दिलं नाही, फोटो चांगला यायला हवा होता. बायकांनी झाकलेल्या दोन वाट्या पुढे केल्या. मी एक उघडली, बर्फी निघाली. सगळ्या ओरडल्या, "मुलगी! मुलगी!" आतून तिने लाथ मारली. मी हसले. तो फोटो तुझ्या फेसबुकच्या पानावर पडला, खाली लिहिलं होतं, "लवकरच मामा होणार."

ती मुलगीच होती. नर्सने डोकं दिसू नये म्हणून तिला लोकरीची टोपी घातली होती आणि ती माझ्या कुशीत दिली. तिचे डोळे यांच्यासारखे होते. बोटं लांब होती. तिने माझं बोट धरलं, की तसा नुसता भास झाला, मला अजून ठरवता येत नाही. ती गेली तेव्हा मी होते आणि हे होते. आई दाराशी उभी होती, आत आली नाही. तू धुळ्याला मेळाव्यात होतास. तुझे हात तिला कधी लागलेच नाहीत, भाऊ. हे वाक्य मला तीन वर्षं लिहायचं नव्हतं. तू तिथे नव्हतास याचं मी दुःख केलं होतं, राग धरला नव्हता. मार्चपर्यंत.

तरीही मी गप्पच राहिले असते. खरं सांगते. माणूस मोठा झाला की थोडं खोटं बोलतो, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण मे महिन्यात नाजमीन आली.

नाजमीन मागच्या गल्लीत राहते, माझे ब्लाऊज शिवते. तिचा नवरा तनवीर वेल्डिंगचं काम करतो. तिचा पाचवा महिना संपत आला होता. लॉकडाऊनमुळे सोनोग्राफी लांबली, आणि झाली तेव्हा कळलं, बाळाच्या दोन्ही किडन्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, वीस आठवडे होऊन गेले. ती माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि तिने मोबाईलवर तुझं भाषण लावलं.

"भाभी, तुमच्या भावानंच तर कायदा केला ना? मग डॉक्टर नाही का म्हणतात?"

मी चौकशी केली. कायदा पास झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण अजून लागूच झालेला नाही. कधी होणार, कोणाला माहीत नाही. तू सत्कार घेत फिरतोयस त्या कायद्याचा अजून कोणा बाईला उपयोग नाही, हे तुला तरी माहीत आहे का?

म्हणून मी तुला फोन केले. तू दौऱ्यात होतास, मीटिंगमध्ये होतास, जेवत होतास. शेवटी तुझा फोन आला. मी सगळं सांगितलं. तू मधेच थांबवून विचारलंस, "बाईचं नाव काय म्हणालीस?" मी पुन्हा सांगितलं. तू म्हणालास, "सारे, वातावरण तू बघतेसच. या नावाच्या बाईसाठी मी दवाखान्यात फोन केला, तर आमचेच लोक मला खातील. तू यात पडू नको."

मी पडले, भाऊ. औरंगाबादच्या एका वकीलबाईंचा नंबर शाळेतल्या बाईंनी मिळवून दिला. त्या नाजमीनला म्हणाल्या, "घाबरू नका, कागद पाठवा, बाकी मी बघते." सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या मंडळाने तपासून अहवाल दिला. सुनावणी मोबाईलवर झाली. आम्ही तिघं माझ्याच घरात बसलो होतो, तनवीर पंखा बंद करून, आवाज नीट ऐकू यावा म्हणून. न्यायाधीशांनी परवानगी दिली. आम्ही तिघं घामाने भिजलो होतो, आणि नाजमीन रडत होती.

आणि मी? मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मनात एकच येत होतं, एवढंच होतं? एवढंसंच करायचं होतं?

दवाखान्यात मी तिच्याजवळ राहिले. परत आल्यावर आईला पाणी मागितलं आणि ओट्यावर बसून मोठ्याने रडले. तेव्हा आईने पहिल्यांदा त्या डोहाळजेवणाचा विषय काढला. पदर तोंडाला लावून म्हणाली, "पोर, मन्ही चूक शे. मी तुन्ही माय ना. मी आडी उभी ऱ्हावाले पाहिजे व्हतं." मग ती म्हणाली, "आते तू बठ्ठं खरं सांग. मी बी सांगसू."

म्हणून हे पत्र. त्या वकीलबाईंकडून माझ्याबद्दल कळल्यावर धुळ्याच्या एका पेपरची बातमीदार मुलगी मला भेटायला आली. कायदा लागू व्हायला उशीर का, यावर ती लिहिते आहे. तिला नाजमीनची गोष्ट हवी होती. नाजमीन नाव द्यायला तयार नाही, आणि ते बरोबरच आहे. मी मात्र माझी गोष्ट सांगितली. वकिलांची, वाट्यांची, टोपीची. आईसुद्धा बोलली. ती मुलगी जरा चाचरत म्हणाली, "ताई, खासदारांचं नाव गाळू का?" हे आतल्या खोलीत होते, तिथूनच म्हणाले, "नाही."

रविवारी छापून येईल. तुझे लोक म्हणतील, हिला विरोधकांनी फोडलं. म्हणू देत. तू बहुतेक फोन करशील, या वेळी स्वतः. तो मी उचलणार नाही. माझं बाळंतपण तू मला न विचारता सभागृहात मांडलंस. मी तुला आधी कळवते आहे. शिकवल्याची एवढी जाण ठेवते.

वहिनींना नमस्कार. त्यांना यातलं काय माहीत आहे, मला ठाऊक नाही. पेपर त्यांच्या हाती पडण्याआधी तू स्वतः सांगितलंस तर बरं.

यंदा राखी पाठवत नाही.

तुझी एकुलती एक बहीण,
सारिका