मधल्या खांबावरचे राजपुत्र

टोकावडे, ता. मुरबाड
२६ ऑक्टोबर २०२५

चि. सुनिल भावजींस,

वहिनीचे आशीर्वाद, आणि पाठोपाठ चार शिव्याही. महिनाभर माझा फोन उचलत नाही म्हणजे काय? भांडण तुमचं तुमच्या भावाशी, मी तुमचं काय घोडं मारलंय? वाशिंदचा दीपेश सुट्टी संपवून आर्मेनियाला तुमच्या हॉटेलात परत निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. तो समोर उभा राहून वाचायला लावणार आहे, तसं कबूल करून घेतलंय.

इकडे सगळं बरं. हळवं भात घरात आलं, गरवं अजून उभं आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत. आमची हर्षाली नकाशात तुमचा आर्मेनिया शोधून शेजारपाजारच्यांना दाखवत फिरते.

भिंतीचं सांगते. जरा दम धरा.

आधी तुमच्या फोटोचं. ह्यांना तो कशासाठी पाठवलात ते मी वाचलंय. 'हाघपाटच्या जुन्या चर्चवर कोरलेले हे बाग्रातुनी घराण्यातले राजपुत्र, स्म्बात आणि गुर्गेन. एकाला आनीची मोठी गादी, दुसऱ्याला लोरीचं वेगळं राज्य. हजार वर्षांपूर्वी राजे वेगळे झाले, मग आपल्या घरात मधे भिंत घातली तर काय आभाळ कोसळणार आहे?' ह्यांनी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी अंगणात विटा टाकून घेतल्या. बुधू गवंड्याला नव्याच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी बोलावलं. भावजी, त्या विटा बघून मला घास गिळवेना.

दीपेश सांगत होता, पुढे ती सगळी छोटी छोटी राज्यं एकेक करून परक्यांनी गिळली. ते बरं लिहिलं नाहीत तुम्ही!

तर, ह्यांच्या फोनवरचा तो फोटो आईच्या हाती लागला. तुमचं लिहिणं तिला वाचता येत नाही, तिने बघितला फक्त दगड. दोन दाढीवाले पुरुष, एकाच्या डोक्याला हे एवढं पागोटं, आणि दोघांच्या मधे हातांवर धरलेलं देऊळ. "कोन गो हे?" मी म्हटलं, "राजे आहेत. भावजींनी पाठवलेत." झालं! पाठवलेत म्हणजे घरी धाडलेत. तिच्या माहेरी पूर्वजांचे वीर असेच जोडीने दगडावर उभे असतात. परमुलखात पडलेले कुणी वीर सुनिलच्या पायाशी आले आणि त्याने ते घराकडे लावून दिले, अशी तिची खात्रीच पटली. "आल्याला दारात उभं ठेवतात काय?" मी मुरबाडला जाऊन फोटो मोठा करून काचेत बसवून आणला, तेव्हा कुठे गप्प बसली. देव्हाऱ्यात जागा नव्हती, म्हणून तो तिने मधल्या खांबावर टांगला.

मधल्या खांबावर, भावजी. भिंत जिथून जाणार होती तिथे.

मग नव्याचा दिवस. नवा तांदूळ देवाला आणि वीरांना दाखवल्याशिवाय आपल्यात कुणी तोंडात घालत नाही, आणि ज्याला एकदा नवं दाखवलं तो घरचा झाला, हे तुम्हाला मी काय सांगायचं? आईने पहिला घास त्या दोघांपुढे ठेवला. 'अहो आई, हे ख्रिस्ती राजे, ह्यांचा आपला काय संबंध?' अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. लबाडी म्हणा हवं तर.

सकाळी बुधू आला. दारापासून खांबापर्यंत सुतळी नेली, वर बघितलं, आणि हात मागे घेतला.

"जगदीश, काल नवं दावलं काय ह्यांना?"

"दावलं," आई आतून.

"मंग मी नाय वीट लावनार. नवं खाल्लेल्या वीरांच्या तोंडावर थापी मारू? माझीबी पोरंबाळं हायेत."

ह्यांनी तोंड उघडलं. ते कोण आहेत हे ह्यांना पक्कं माहीत होतं! एक शब्द बोलले असते की बुधूने काम सुरू केलं असतं. हे फोटोकडे बघत राहिले. राज्यं वेगळी झाली असतील, भावजी, पण दगडावर त्यांनी कोरवून घेतलं ते देऊळ एकच आहे, दोघांनी धरलेलं. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ दे, बुधू. चा घे."

नाही झाली भिंत. मी चुलीपाशी जाऊन पदर तोंडात कोंबून रडले, इतकं हलकं वाटलं. विटांचा आता गोठ्यात ओटा घालतोय. तुमची खोली तुमचीच आहे, फक्त खाटेवर हर्षालीच्या बाहुल्या झोपतात. वेगळी चूल हवीच असेल तर आल्यावर मांडा, मी आड येणार नाही. पण भांडायचं ते समोर बसून भांडा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल संध्याकाळी हे खांबापाशी उभे होते. मला वाटलं, फोटो खाली उतरवताहेत. तर म्हणाले, "सारिका, ह्यातला धाकटा कोनता गो?"

मला कुठे ठाऊक! "भावजींना विचारा," म्हटलं.

"तूच विचार," म्हणाले, आणि उगाचच गोठ्याकडे गेले.

विचारलं, भावजी. पण उत्तर मला देऊ नका. ह्यांचा नंबर अजून तोच आहे.

तुमच्याच घरातली,
सारिका वहिनी